बाजारच्या दिवशीच्या चिठ्ठ्या

११ ऑक्टोबर

आज बाजार, उद्या दसरा. आखाडा बाळापुरात रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, पण दवाखान्यात माणसं कमी. सणाच्या तोंडावर लोक आजारपण पुढे ढकलतात, हे मी चौतीस वर्षं बघतोय.

दुपारी शकुबाई सावळेवाडीच्या चिठ्ठ्या घेऊन आली. वाडीची पद्धतच आहे ती. बीपी-शुगरच्या लोकांनी दर महिन्याला मजुरी बुडवून यायचं कशाला? एकीने सगळ्यांच्या चिठ्ठ्या आणायच्या, मी 'तेच चालू' लिहून सही करायची, तिने मेडिकलमधून गोळ्या न्यायच्या. आज अकरा चिठ्ठ्या होत्या. शकुबाईला अक्षर येत नाही, म्हणून ती प्रत्येक चिठ्ठीला त्या माणसाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट रबराने बांधते. आज पिशवीतच पाण्याची बाटली सांडली होती. वाडीच्या जनकाबाईच्या चिठ्ठीचा लगदा झाला होता. पाकीट सुटून टेबलावर पडलं होतं, ते बघून नवीन चिठ्ठी लिहून दिली.

"लवकर करा डाक्टरसाहेब," शकुबाई म्हणाली. "वाडी अर्धी मोकळी पडली आज. लोकाची ढोरं बी मलाच बघायची हायेत."

त्याच वेळी पुण्याहून नातीचा, राजनंदिनीचा फोन. तिने शाळेत शिकवलेलं दसऱ्याचं गाणं अख्खं म्हणून दाखवलं. दोन कडवी, तीन चुका. कान तिकडे, हात इकडे. मुंजाजी म्हणाला, "सर, तुमचा हात झोपेत बी बराबर चालंल." कंपाउंडरने एवढं कौतुक केलं की समजायचं, सणाची उचल हवी आहे. पण ऐकायला बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर

मुंजाजीने बातमी आणली. सावळेवाडीची जनकाबाई बुधवारी सकाळी अंथरुणातून उठलीच नाही, बेशुद्ध. नांदेडला नेलंय. वय असेल सत्तरीच्या आसपास. अर्धांगाचा झटका असणार. बीपीची जुनी पेशंट, भली बाई. घरी साधना म्हणाली, एकदा जाऊन या. जाऊ.

२७ नोव्हेंबर

जनकाबाईचा मुलगा धम्मानंद आला होता. कळमनुरीकडे झेडपीच्या शाळेत मास्तर आहे. नंबर लावून, सगळ्यांच्या मागे बसून राहिला. आत आल्यावर बस म्हटलं तरी बसला नाही.

"सर, एकच विचारायचं व्हतं. माझी माय अकरा ऑक्टोबरला तुमच्याकडं आली व्हती का?"

बाहेर वीस माणसं कान देऊन बसलेली. मी म्हणालो, "आली असणार. न बघता मी गोळ्या लिहून देईन का?"

"आली व्हती म्हणता मग?"

"होय. आली होती. तू काय माझा जबाब घ्यायला आलास?"

"न्हाई सर," म्हणाला, आणि हात जोडून गेला. आईची तब्येत विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. पोरगं उद्धट नाही, पण डोळ्याला डोळा लावून बघत होतं. ते मला आवडलं नाही. यांच्या वस्तीच्या चिठ्ठ्या मी बसल्या जागी लिहून देतो, कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही, आणि त्याचं हे फळ.

९ जानेवारी

आज रजिस्टर पोस्टाने मुंबईहून वैद्यक परिषदेचं पाकीट आलं. तक्रारदार धम्मानंद. सोबत माझ्या चिठ्ठीची प्रत. जनकाबाईच्या नावावर मी बीपीच्या गोळ्यांऐवजी शुगरची गोळी लिहिली आहे, दिवसातून दोनदा. तिला शुगर कधीच नव्हती. नांदेडला पोचली तेव्हा रक्तातली साखर चोवीस होती. मेंदूला जी इजा व्हायची ती तोवर झाली होती. बाई जिवंत आहे, पण माणूस ओळखत नाही, बोलत नाही.

शेवटच्या ओळीत विचारलं आहे, गैरवर्तनाबद्दल आपलं नाव नोंदवहीतून का काढण्यात येऊ नये.

चिठ्ठी चार वेळा वाचली. अक्षर माझं, सही माझी. आणि मला काहीही आठवत नाही. बीपीच्या बाईला शुगरची गोळी मी का लिहीन? पहिल्या वर्षाचा पोरगाही असं करणार नाही. मला भीती वाटते आहे. साधनासमोर हसत होतो. नाव काढलं तर मी कोण? घरावर पाटी आहे, गावात हाक आहे, ती सगळी त्या एका नोंदणी नंबरावर. मला दुसरं काही येत नाही. साधी सायकलची ट्यूब बदलता येत नाही.

१३ जानेवारी

नांदेडच्या वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, "चिठ्ठी तुमची आहे, ती नाकारता येत नाही. मग तपासणी झाली असली पाहिजे. शुगर वाढलेली सापडली, म्हणून गोळी दिली. तो तपासणीचा कागद आणा."

मी म्हणालो, बाजारच्या चिठ्ठ्यांचा कागद आम्ही करत नाही.

वकील पंख्याकडे बघत म्हणाले, "असेल. शोधा."

आणखी एक सांगितलं. त्या घराकडे अजिबात फिरकायचं नाही, फोन नाही, निरोप नाही. शकुबाईलाही काही विचारायचं नाही. साधनाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तसंही तुम्ही कुठं गेला होतात?"

१५ जानेवारी

कागद सापडला. मुंजाजीने दोन दिवस गठ्ठे उपसले. जनकाबाई, ११ ऑक्टोबर, बीपी १५०/९०, शुगर २८६. अक्षर मुंजाजीचं, आकडे नेहमी तोच भरतो. कागद जरा कोरा करकरीत दिसला. तो म्हणाला, "गठ्ठ्याच्या तळाला होता सर, धूळ लागली न्हाई." खाली माझी सही राहून गेली होती, ती केली.

छातीवरचा दगड उतरला.  बावीस वर्षं माझ्याकडे आहे मुंजाजी. आज घरी जाताना पायाला हात लावून गेला. असं तो कधी करत नाही.

२ फेब्रुवारी

लेखी उत्तर मुंबईला गेलं.

कागद डोळ्यासमोर आल्यापासून एकेक आठवायला लागलं आहे. जनकाबाई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. हिरव्या बांगड्या. सुई टोचली तेव्हा तिने तोंड फिरवलं. रक्ताचा थेंब पटकन आला. २८६ बघून मी म्हणालो होतो, "मावशी, आता गोड बंद." तिने "व्हय" म्हटलं. इतकं लख्ख दिसतंय, तर महिनाभर कुठे गेलं होतं? भीतीने माणसाची स्मृती जाते हेच खरं.

मग गोळी बरोबरच होती. तिने नीट जेवण न करता ती घेतली असणार. यात माझा काय दोष?

११ मार्च

हळद शिजवायचे दिवस. मुंजाजी आठवडाभर रजेवर, त्याच्या शेतात चार एकर हळद आहे. दवाखान्याच्या खिडकीतूनही तो उकडलेला वास येतो. ओपीडी निम्मी झाली आहे. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, फक्त पलीकडच्या गल्लीतल्या नव्या डॉक्टरकडे जातात. काल एक म्हातारा चिठ्ठी घेऊन आला. मी म्हणालो, आधी तपासतो. तर तो घाबरलाच. "काहून? लई वाढलंय काय?" म्हणे. चौतीस वर्षांत मी या लोकांना अशी सवय लावली की नाडी धरली तर त्यांना भीती वाटते. हे लिहून खोडणार होतो. राहू दे.

२२ जून

सुनावणीची तारीख आली. १५ जुलै, मुंबई.

साधना माझ्या डायऱ्यांना कधी हात लावत नाही. आज टेबलावर गेल्या वर्षीची डायरी ठेवलेली होती, आत ऑक्टोबरच्या पानात लाल लोकरीचा धागा. विचारलं तर म्हणाली, "तेवढं एक पान वाचा, मग मुंबईला जा."

मी चिडलो. म्हणालो, मला मागचं वाचायची सवय नाही, लिहिलं की झालं. आणि नवऱ्याची डायरी वाचणं कुठल्या घरात शोभतं? ती भाजी निवडत बसली. तिचे डोळे लाल होते. तिलाही ताण आहेच म्हणा. धागा काढून डायरी कपाटात ठेवून दिली.

१३ जुलै

उद्या निघायचं. मुंजाजीलाही साक्षीसाठी न्यायचं होतं, पण त्याचं पोट बिघडलं. वकील म्हणाले, चालेल, कागद बोलेल.

रुद्रचा फोन आला. म्हणाला, "बाबा, मी येऊ का सोबत?" नको म्हटलं. मुलाने बापाला अशा ठिकाणी बघू नये. तोही डॉक्टर आहे. मी जिंकून आल्यावरच त्याला भेटेन.

१६ जुलै

नांदेडला येणाऱ्या गाडीत लिहितोय. अक्षर हलतंय.

पाच जण बसले होते, सगळे डॉक्टर, दोघं माझ्यापेक्षा लहान. धम्मानंद वकिलाशिवाय आला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर शाळेची फाइल. अध्यक्षांनी मला विचारलं, "अकरा तारखेला बाईंच्या बोटातून रक्त तुम्ही घेतलंत?"

"होय."

"किती वाजता?"

"दुपारी दोनच्या सुमारास. दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या." बांगड्यांचंही सांगितलं. वकिलांनी मान डोलावली. मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच दिसत होतं.

मग धम्मानंदने फाइलीतून तीन कागद काढून टेबलावर एकाखाली एक मांडले. दहा ऑक्टोबरचं एसटीचं तिकीट. नागपूरला दीक्षाभूमीवरचा फोटो, गर्दीत पांढऱ्या साडीतली जनकाबाई, शेजारी तो स्वतः. आणि तिथल्या एका मोफत तपासणी शिबिराची चिठ्ठी. ११ ऑक्टोबर, दुपारी दीड. जनकाबाई. बीपी १४०/८०, शुगर १०४.

दसऱ्याला यांच्या घरातली माणसं नागपूरला जातात. चौतीस वर्षं मी याच लोकांत बसलो आहे आणि मला हे सुचलं नाही. मुंजाजीला सुचलं नाही, वकिलांना नाही. वाडी अर्धी मोकळी पडते ती कशासाठी, हे आमच्यापैकी कुणीच कधी विचारलं नव्हतं.

अध्यक्षांनी आमचा कागद उचलून शांतपणे विचारलं, "मग डॉक्टर, २८६ ही शुगर कोणाची?"

 मी वकिलांकडे बघितलं, ते कागद आवरत होते.

धम्मानंदला विचारलं, काही सांगायचंय का? तो उभा राहिला. "माय दर महिन्याला चिठ्ठी पाठवायची. सगळी वाडी पाठवते, आमची बी चूक आहेच. मी नोव्हेंबरात सरांकडं एवढंच विचारायला गेलो होतो. आली नव्हती, नजरचुकीने झालं, असं म्हणाले असते तर मी घरी गेलो असतो. सर म्हणाले, आली होती."

म्हणजे त्याला उत्तर माहीत होतं. माहीत असूनच नंबर लावून बसला होता तो. आणि मला वाटलं, जबाब घ्यायला आलाय.

१७ जुलै

कपाटातून डायरी काढली. पान शोधायला धाग्याची गरज पडली नाही.

वाचलं. सांडलेली बाटली आहे. सुटून टेबलावर पडलेलं पाकीट आहे. कोणाचं ते न बघता उचललेलं. राजनंदिनीचं गाणं आहे, तीन चुकांसकट. तिच्या चुका मी मोजल्या.

स्टूल नाही. बांगड्या नाहीत. रक्ताचा थेंब नाही.

साधना चहा ठेवून गेली.

१९ जुलै

वकिलांना फोन करून सांगितलं की हे पान मला परिषदेकडे पाठवायचं आहे. ते पहिल्यांदाच ओरडले. म्हणाले, "आत्ता फक्त हलगर्जीपणा आहे आणि कागदाबद्दल संशय. हे पाठवलंत तर खोटा कागद केल्याची कबुली होईल. तो केला कोणी? कंपाउंडरने. तो आत जाईल. चालेल?"

मुंजाजीला बोलावलं. तो दारातच खाली बसला आणि लेकरासारखा रडला. "सर, तुमी शोध म्हणलात. मी लई शोधला. न्हाईच सापडला. मंग काय करू? तुमचं नाव गेलं तर मी कुठं जाऊ? कोमलचं लग्न ठरून राहिलंय." कोमल त्याची मुलगी.

त्याला काय रागावू? मी त्या दिवशी एकदा जरी विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, म्हणूनच तर मी विचारलं नव्हतं.

पान पाठवलं नाही. खरं बोलायची वेळ होती तेव्हा ते फुकट होतं, फक्त माझा तोरा गेला असता. आता ते दुसऱ्याच्या घरावर जातं.

१६ सप्टेंबर

निकाल आला. दोन वर्षं नाव नोंदवहीतून काढलं आहे. रुग्णाला न तपासता औषध लिहिणं, आणि विश्वास ठेवता येणार नाही असा कागद सादर करणं. अपील करता येतं. वकील म्हणाले, करू. मी म्हणालो, बघू.

पाटी मुंजाजीने उतरवली. मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला आहे. रुद्रचा फोन आला, फार बोलला नाही. म्हणाला, "बाबा, काही दिवस पुण्याला या." तो बोलत असताना मागे राजनंदिनी काहीतरी म्हणत होती. मी फोन ठेवून दिला.

२६ सप्टेंबर

बाजार. दवाखाना बंद, मी आत नुसता बसलो होतो. शकुबाई दार ढकलून आली. पिशवी टेबलावर ठेवली.

"सह्या करा डाक्टरसाहेब."

म्हणालो, "शकुबाई, मला आता लिहिता येत नाही. सरकारनं बंद केलंय. तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

"सांगितलं की. पण तो नवा डाक्टर म्हणतो, माणूस आण. माणूस कसं आणू? सोयाबीन काढून राहिले सगळे." मग ती पिशवीतल्या चिठ्ठ्या एकेक करून मांडायला लागली, जणू मी अर्धवट तयार झालोच आहे. पाकिटं आता तिने रंगीत दोऱ्याने शिवून टाकली आहेत. सुटणार नाहीत.

शेवटची चिठ्ठी मी ओळखली. "ही कोणाची?"

"जनकाबाईची. आज तिची बी आणली मी. तिला सांगता येईना, म्हणून काय तिचं ठेवायचं?"

तिला माहीतच नाही. गोळी कुठून चुकली, कोणाच्या हातून, कशामुळे. कोणी तिला विचारलंच नाही, साक्षीलाही बोलावलं नाही. वकिलांनी नको म्हटलं होतं. मी सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत भरून परत दिल्या. ती दारात थांबून म्हणाली, "मग आमी कुठं जावं?" ते विचारायला ती दुसऱ्या कुणाकडे जाणार होती?

१ ऑक्टोबर

आज सावळेवाडीला गेलो. बाळापूरहून सात किलोमीटर. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. कोणाला सांगितलं नाही. साधनाने चप्पल दारात सरळ करून ठेवली होती, म्हणजे तिला कळलं असणार.

उद्या दसरा. धम्मानंदच्या गल्लीत बहुतेक दारांना कुलुपं होती. त्याचं दार उघडं. जनकाबाई ओसरीवर भिंतीला टेकून, आणि तो तिला चमच्याने पेज भरवत होता. मला बघून उठला नाही. हातातला चमचा भरवला, तिचं तोंड पुसलं, मग खुर्ची आणून ठेवली. पाणीही आणलं.

"नागपूरला गेला नाहीत तुम्ही?"

"मायला कोण बघंल?"

मी बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो, "गुरुजी, तुमची आई त्या दिवशी माझ्याकडे आली नव्हती. मी तिला बघितलं नव्हतं. भलतंच पाकीट बघून गोळी लिहिली. फोनवर नातीशी बोलत होतो. नंतर कागदही खोटा दाखवला."

 मला वाटलं, ओरडेल, हाकलून देईल. त्याने तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"पाणी घ्या," तो म्हणाला.

तेवढ्यात जनकाबाईचं लक्ष माझ्याकडे गेलं. पांढरा शर्ट, खिशाला पेन. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या, हात माझ्यापुढे धरला आणि मान बाजूला फिरवली. बीपी बघताना माणसं धरतात तसा. बांगड्या हिरव्या नव्हत्या.

"आमाला वळखत न्हाई," धम्मानंद म्हणाला. "हे तेवढं ध्यानात राह्यलंय. शाळेतले साहेब आले तरी असंच करती."

मी मशीन आणलं नव्हतं. आणलं असतं तरी ते बांधायचा मला आता अधिकार नाही. मी तिचा हात माझ्या हातात घेतला. हलका होता, आणि गरम. ती तशीच मान फिरवून थांबली होती. मी हात खाली ठेवायला गेलो तर तिने परत वर धरला.

"आकडा ऐकल्याबिगर ती हात खाली घेत न्हाई, सर," तो हळू आवाजात म्हणाला. "सांगा काही तरी."

मी त्याच्याकडे बघितलं. तो आईकडे बघत होता. तिचा हात थरथरायला लागला होता.

"एकशे तीस, ऐंशी," मी म्हणालो. "बराबर आहे, मावशी."

तिने हात खाली घेतला.